माळ्यावरच्या टेपा: घरी रेकॉर्ड केलेलं सिंथ-गिटार संगणकावर कसं उतरवावं

गेल्या वर्षी घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आत एकवीस कॅसेटी होत्या. १९८८ ते १९९३ या काळात डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि माझा मित्र जे काही वाजवत होतो, ते जवळजवळ सगळं त्या डब्यात होतं. वाद्यं मोजकीच. माझा कॅसिओचा छोटा एसके-१ कीबोर्ड, मित्राची कोलकात्याची गिवसन गिटार, आणि ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका दादांनी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस वापरायला दिलेला रोलंडचा जुनो-१०६ सिंथेसायझर, म्हणजेच सिंथ. एकाच टेपवर चार वाद्यं वेगवेगळी घेणारं चार ट्रॅकचं मशीन आमच्या आवाक्याबाहेर होतं. म्हणून आधी टू-इन-वनवर सिंथ रेकॉर्ड करायचा, मग ती टेप वाजवत ठेवून तिच्यावर गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून शेजाऱ्यांच्या कॅसेट डेकवर उतरवायचं. कधी तिसरा थरही चढवायचो.

हे सगळं संगणकावर आणायला मला चार महिने लागले. त्यात दोन कॅसेटी मी घाईने कायमच्या खराब केल्या. तुमच्याकडे असा डबा असेल तर ती वेळ येऊ नये, म्हणून केलेलं सगळं क्रमाने लिहितो आहे.

प्ले दाबण्याआधी

डबा उघडल्यावर पहिली कॅसेट हातातल्या कुठल्याही मशीनमध्ये घालून बघायचा मोह होतो. तो आवरा. तीस-पस्तीस वर्षं पडून राहिलेली टेप पहिल्यांदा वाजते ती वेळ बऱ्याचदा सर्वांत चांगली असते, आणि कधी कधी शेवटचीही. त्यामुळे मशीन साफ, वायरी जोडलेल्या, संगणक रेकॉर्डिंगला तयार, अशा स्थितीतच पहिलं प्ले व्हायला हवं.

प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्या. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती कव्हरला लावा, जुन्या लेबलवर काही लिहू नका. दोन्ही बाजूंचे, आतल्या कागदाचे आणि त्याच्या पाठीमागचेही फोटो काढा. माझ्याकडे एका कागदाच्या मागे गिटारचे कॉर्ड पेन्सिलीने लिहिलेले होते आणि ते कुठल्या चालीचे हे तीन महिन्यांनी कळलं. मग कॅसेटच्या वरच्या कडेला असलेल्या दोन्ही खिट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणार नाही. भोकांवर चिकटपट्टी लावलेली असेल तर ती काढा.

आता प्रत्येक कॅसेट उजेडात धरून बघा. टेप हेडसमोर येते तिथे मागे पितळी पट्टीवर वाटाण्याएवढा मऊ नमद्याचा तुकडा असतो. त्याचा गोंद वाळून तो गळून पडतो आणि मग आवाज दबका, येत-जात राहणारा होतो. असं असेल तर स्क्रूवाली एखादी चांगली रिकामी कॅसेट घ्या, तिचे पाच स्क्रू काढा आणि आपली दोन्ही रिळं अलगद तिच्या खोक्यात बसवा. जुनं खोकं चिकटवून बंद केलेलं असेल तर कडेच्या जोडावर पातळ पातं फिरवून ते उघडावं लागतं. इथे घाई केली की टेप चिरते. माझी पहिली कॅसेट अशीच गेली.

खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरट पूड किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत ती फार आढळते. अशी कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन-तीन आठवडे कोरडी होऊ द्या, आणि गॅलरीत बसून, तोंडाला मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने पूड झटका. ऊन दाखवू नका, ओव्हनचा विचारही करू नका. बुरशीवाली टेप चांगल्या मशीनमध्ये घातली तर त्या मशीनमधून ती पुढच्या प्रत्येक टेपवर जाते. माझी दुसरी कॅसेट याच अज्ञानात गेली, आणि मशीन पुन्हा साफ करण्यात एक रविवार गेला.

टेप तुटलेली असेल तर साधा सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पुढे पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. जोडकामाची खास पट्टी मिळते, ती वापरा. कॅसेटमध्ये टेपची बाहेरची, हेडकडची बाजू रेकॉर्ड झालेली असते, म्हणून पट्टी आतल्या बाजूला लावायची. शेवटी षटकोनी पेन्सिलीने रीळ थोडं पुढे-मागे फिरवून अडकत नाही ना, ते बघा. सी-९० ची टेप सी-६० पेक्षा पातळ असते आणि सी-१२० ची त्याहूनही पातळ. त्या जास्त जपून हाताळा.

मशीन

स्टिरिओ डेक मिळवा. नातेवाइकांच्या घरी बंद पडलेला एखादा सापडतोच, आणि बहुतेक वेळा त्याचा फक्त रबरी बेल्ट सैल झालेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारत गेलात तर मापाचा बेल्ट आणि तो बसवून देणारा माणूस, दोन्ही मिळण्याची शक्यता अजून आहे. सध्या मिळणारे स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर टाळा. त्यांचा वेग डळमळतो आणि सूर हलतो.

हेड, धातूची बारीक फिरती दांडी आणि रबरी रोलर यांच्यावर तपकिरी थर बसलेला असतो. कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड आणि दांडी पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. रबराला शक्यतो साबणाच्या पाण्याचा ओलसर कापूसच बरा. हे दर चार-पाच कॅसेटींनंतर पुन्हा करायचं, आणि टेप फार झडत असेल तर प्रत्येक बाजूनंतर.

हेडचा कोन

सर्वांत मोठा फरक या एका गोष्टीने पडतो आणि बहुतेक लोक नेमकी हीच वगळतात. कॅसेटची टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या संथ वेगाने पुढे सरकते. वेग इतका कमी असल्यामुळे हेड केसभर तिरकं असलं तरी वरचे सूर उडून जातात. आमच्या शेजाऱ्यांच्या डेकचं हेड थोडं तिरकं होतं, त्यामुळे आमच्या टेपा त्या तिरक्या कोनातच रेकॉर्ड झाल्या. नीट बसवलेल्या मशीनवर त्या ब्लँकेटखालून आल्यासारख्या वाजतात. अशा वेळी मशीनलाच टेपप्रमाणे वळवायचं.

हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू दिसतात. त्यातल्या एकाखाली स्प्रिंग असते, किंवा त्यावर रंगाचा ठिपका असतो. तोच फिरवायचा. आधी त्याची मूळ जागा नेलपॉलिशच्या बारीक रेघेने दाखवून ठेवा. टेप वाजत असताना छोट्या स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवा आणि तारेवरचा नखाचा आवाज, टेपची हिस (मागे सतत येणारा सूं आवाज), जे सर्वांत वर आहे ते कुठे जास्तीत जास्त उजळ होतं ते ऐका. पाव वळशापेक्षा जास्त लागत नाही.

घरगुती रेकॉर्डिंगला याहूनही पक्की एक खूण आहे. आमच्यासारखं एकच मोनो वाद्य दोन्ही चॅनेलवर गेलेलं असेल, तर थोडा भाग संगणकावर घ्या, एक चॅनेल उलटा करा (मागून पुढे नव्हे, इन्व्हर्ट या इफेक्टने) आणि दोन्ही मिसळा. कोन बरोबर असेल तर संगीत जवळजवळ नाहीसं होतं आणि मागे हिस उरते. जितकं संगीत मागे उरेल तितका कोन अजून चुकलेला. दर कॅसेटला हे नव्याने करावं लागतं, कधी कधी दर बाजूला. एका कॅसेटवर मित्राच्या बोटांची तारेवरून सरकतानाची करकर अचानक पुढे आली, तेव्हा मी ती बाजू पहिल्यापासून पुन्हा घेतली.

संगणकात घेताना

डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून लाइन-इन असलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या पेटीत. लॅपटॉपचं एकुलतं एक माइकचं भोक वापरू नका, ते मोनो असतं आणि त्यात आवाज पटकन फाटतो. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरेसं आहे, मोफत आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. तासाभराचं स्टिरिओ रेकॉर्डिंग साधारण एक जीबी होतं, म्हणजे एका सी-६० ला एक जीबी. संगणकाने परस्पर आवाज कमी-जास्त करायची किंवा सुधारायची जी काही सोय सुरू केलेली असेल ती बंद करा.

टेपचा सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग शोधून पातळी अशी लावा की शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबेलच्या मध्ये राहतील. कॅसेटच्या मानाने २४ बिटांत भरपूर जागा आहे, वर जायचा हट्ट नको. मशीनमधून घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. डॉल्बीचं, म्हणजे हिस कमी करणाऱ्या सोयीचं, बटण ज्या टेपवर तसं लिहिलेलं असेल तिलाच, आणि हेडचा कोन जुळवल्यानंतरच. टू-इन-वनवर केलेल्या टेपांना सहसा ते नसतंच.

मग पूर्ण बाजू एका दमात घ्या, टेपच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीपासून शेवटच्या कोऱ्या पट्टीपर्यंत. तिथे वही घेऊन बसा. मिनिट-सेकंद आणि दोन शब्द एवढं पुरे: तार तुटली, आईची हाक, जुनो सुरू. त्या पहिल्या ऐकण्यात जे आठवतं ते पुन्हा तितकं आठवत नाही.

ही फाइल म्हणजे तुमचं मूळ. तिला हात लावायचा नाही, पुढचं सगळं तिच्या प्रतीवर.

वेग आणि सूर

टेप आज वाजते त्या वेगातच ती तेव्हा वाजली होती असं समजू नका. दोन मशीनमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक सहज असतो. एक टक्का म्हणजे सुमारे १७ सेंट, आणि पूर्ण एक सेमिटोन, म्हणजे कीबोर्डावरच्या लगतच्या पट्टीपर्यंतचे १०० सेंट, म्हणजे जवळपास सहा टक्के. गाणं कृत्रिम किंवा आपलं न वाटणं यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

गिटार आणि गळा यांच्यावरून खरा वेग कळत नाही, कारण तेव्हा गिटार कशाशी जुळवली होती कोण जाणे. सिंथवरून मात्र कळतो. डिजिटल कीबोर्डाचा सूर हवामानाने हलत नाही, आणि जुनो-१०६ चे ऑसिलेटर, म्हणजे सूर तयार करणारे भाग, हेही डिजिटल नियंत्रणाखालचे असल्याने त्याचा सूर टिकून राहतो. टेपवर सिंथचा लांब धरलेला सूर शोधा. पांढरी सहा (ए) मिळाली तर उत्तमच, ती ४४० हर्ट्झला यायला हवी. फोनवरच्या ट्यूनरला ती ४५२ दिसली तर टेप २.७ टक्के जलद आहे. ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट घ्या, जुन्या आवृत्त्यांत त्याला नुसतं चेंज स्पीड म्हणतात, आणि उणे २.६५ टक्के द्या. फक्त सूर बदलणारा इफेक्ट वापरला तर लय चुकीचीच राहते.

यात तीन फसगती आहेत. पुष्कळ कीबोर्डांना सूर खाली-वर करायची चकती असते आणि तेव्हा ती कुणी फिरवली असेल. म्हणून एकाच महिन्यातल्या, एकाच मशीनवरच्या तीन-चार टेपा मोजा. सगळ्यांची चूक सारखी आली तर ती मशीनची. दुसरं, बाजूच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजा, कारण सैल बेल्टवर वेग भरलेल्या रिळासोबत बदलत जातो. तिसरी फसगत थर चढवलेल्या टेपांची. खालच्या थरातला सिंथ एकदा टू-इन-वनवर वाजून मग डेकवर गेलेला असतो. त्याच्यात टू-इन-वनच्या त्या दिवशीच्या बॅटरीची चूकही मिसळलेली असू शकते, आणि मित्राने गिटार त्या चुकीच्या सुराशीच जुळवलेली असते. सगळं एकमेकांशी सुरात, पण ४४० शी नाही. म्हणून सर्वांत शेवटी, थेट वाजवलेला जो सिंथ असेल तोच प्रमाण धरा. तो नसेल तर पहिल्या थराची मूळ टेप शोधा, ती बहुतेक वेळा त्याच डब्यात असते.

विजेच्या घरघरीवरूनही अंदाज येतो, आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी बरीच खाली-वर व्हायची. घरघर ५३ ला दिसली तर वेग नक्की चुकलाय. ४९.५ ला दिसली तर त्यावरून काहीच ठरवू नका.

ज्यांच्याकडे चार ट्रॅकची मशीन होती, १९७९ साली टिअ‍ॅकने आणलेल्या पोर्टास्टुडिओसारखी, त्यांच्या टेपा साध्या डेकवर विचित्र वाजतात: दोन ट्रॅक सरळ, दुसऱ्या बाजूने दोन उलटे, आणि पुष्कळदा निम्म्या वेगाने. तशी मशीन उसनी मिळत असेल तर तीच वापरा. नसेल तर दोन्ही बाजू घेऊन, एक उलटी करून, वेग दुप्पट करून जुळवता येतं, पण दोन वेळा वाजलेल्या टेपा एकमेकींपासून हळूहळू सरकतात आणि त्या जागोजाग कापून बसवाव्या लागतात.

किती साफ करायचं

आवाज साफ करणं जमायला लागलं की थांबवत नाही, आणि तिथेच नुकसान होतं. मी तिसऱ्या कॅसेटची हिस पूर्ण काढली तेव्हा गिटार पाण्याखालून आल्यासारखी झाली. आता नियम एवढाच: वाद्य सुरू होण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांतल्या नुसत्या हिसचा नमुना घ्यायचा आणि सहा डेसिबेलपलीकडे कमी करायचं नाही.

काय काढतो आहोत ते आधी ओळखा. जुनो-१०६ चा कोरस, म्हणजे आवाज दाट करणारा इफेक्ट, लावला की तो स्वतःच सूं आवाज करतो. ती हिस टेपची नाही, त्या सिंथच्या आवाजाचाच भाग आहे आणि ती काढली की जुनो जुनो राहत नाही. एसके-१ चं उलट. त्यात कुठलाही आवाज साधारण १.४ सेकंद साठवून पट्ट्यांवर वाजवता यायचा. मी धाकट्या बहिणीचा ‘आ’ साठवला होता, स्टीलच्या पातेल्याचा टणत्कार साठवला होता. तो आठ बिटांत आणि सेकंदाला सुमारे ९३८० नमुने या दराने साठवायचा, म्हणजे ४७०० हर्ट्झच्या वर त्यात काही नव्हतंच. तो दबकेपणा मूळचा आहे. तिथे ट्रेबल वाढवलात तर फक्त टेपची हिस वाढते.

थर चढवताना हिसवर हिस चढते, सारख्याच दोन हिस मिळून तीन डेसिबेलने वाढ होते. शिवाय टू-इन-वनमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असायची. वाद्य थांबलं की ती पातळी वर खेचते आणि हिस श्वास घेतल्यासारखी फुगते. अशा हिसला एक नमुना पुरत नाही. आमच्या अशा टेपा मी तशाच ठेवल्या.

घरघर काढायला ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद काप द्या, म्हणजे नेमका तेवढाच सूर कमी करणारा फिल्टर लावा, पण १०० चा काप फार जपून. गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी ९८ हर्ट्झचा असतो. काप रुंद झाला की जी कॉर्डचा तळच जातो.

तुकडे, नावं, प्रती

चालींचे वेगळे तुकडे करताना सुरुवात घट्ट कापू नका. मित्र प्रत्येक चालीआधी गिटारच्या पोटावर चार टिचक्या मारायचा. मी पहिल्या पाच कॅसेटींच्या तुकड्यांत त्या कापून टाकल्या होत्या आणि मग मूळ फाइलींवरून ते सगळं पुन्हा केलं. दोन चालींच्या मधलं बोलणं, कुकरच्या शिट्ट्या, मागे चाललेला रेडिओ, हेही ठेवा. तारखा लावायला त्याचाच उपयोग होतो. एका टेपच्या मागे रेडिओवरच्या बातम्या ऐकू येतात, आणि लेबल कोरं असूनही महिना कळला.

फाइलच्या नावात वर्ष, कॅसेटचा क्रमांक, बाजू आणि चालीचा क्रमांक याच क्रमाने लिहा, म्हणजे यादी आपोआप लागते. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर. कॅसेटी टाकू नका. पूर्ण एका टोकाला गुंडाळून, उभ्या, सिलिका जेलसह, स्पीकरपासून दूर ठेवा. इतरांना ऐकवायचं असेल तर वाजवणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारा. सिनेमातल्या चाली वाजवल्या असतील तर त्या इंटरनेटवर टाकताना हक्कांचा प्रश्न येतोच.

जुन्यावर नवं वाजवायचं असेल तर

चौदाव्या कॅसेटच्या ब बाजूला जुनोवरची एक संथ चाल आहे, तिच्यावर गिटार चढवायची राहून गेली होती, कारण जुनो दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता. सूर ४४० ला आणलेली फाइल मी मित्राला पाठवली. तो आता नाशिकला असतो. अशा कामाला मेट्रोनोम लावू नका. टेपची लय हलकी डोलत असते आणि क्लिक दुसऱ्याच मिनिटाला सुटतो. कानाला हेडफोन लावून ऐकत वाजवायचं, आणि नवी गिटार जुन्यात न मिसळता वेगळ्या फाइलीत रेकॉर्ड करायची. दोन फाइली नंतर जुळवायला दोन्हींत एक ठळक खूण लागते. त्या चालीच्या सुरुवातीला टेपवर त्याच्या चार टिचक्या आहेत, गिटार न वाजवताही त्याने त्या दिल्या होत्या. मी त्याला सांगायला विसरलो होतो, पण त्याची फाइल उघडली तर पहिल्या दोन सेकंदांत लाकडावर चार टिचक्या होत्या. त्या मी जुन्या टिचक्यांवर बसवल्या.